सभेचा आवाज, घरचा आवाज : ॲम्प्लिफायर घेण्याआधी थोडा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने ॲम्प्लिफायरवर काय बोलावं? पण मागच्या काही व्याख्यानांनंतर आम्हाला जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी अशा सगळीकडून आला. प्रश्न असा, की घरी जुना स्टिरिओ आहे, स्पीकर आहेत, थोड्या रेकॉर्ड आणि पुष्कळ कॅसेट आहेत, आता ॲम्प्लिफायर बदलायचा आहे. पैसे बेताचे आहेत, पेन्शनमधून काढायचे आहेत. तर कोणता घ्यावा?

दुकानदार याचं उत्तर एका मिनिटात देतो. आम्हाला तासभर लागणार आहे, कारण आमचं म्हणणं असं, की इतिहास कळल्याशिवाय हा प्रश्न नीट विचारताच येत नाही. दुकानात आपण पहिल्यांदा काय विचारतो? "किती वॅटचा आहे?" हा प्रश्न आपल्या तोंडी कुठून आला, तेच आज शोधायचं आहे. तो सापडला की निवड बरीच सोपी होते.

आवाज वाढवण्याच्या आधी

आपला हा मुलूख झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळीतली भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरायची, आणि मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असायचं. धान कापणीला आलेलं, थंडी पडू लागलेली, आणि पहाटेपर्यंत लोक बसलेले. ही परंपरा आजही चालू आहे आणि झाडीपट्टी रंगभूमी म्हणून ती महाराष्ट्रभर ओळखली जाते.

आता विचार करा, ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा हे कसं चालत असेल? नटाचा गळा, ढोलकी, डफ, टाळ आणि रात्रीची शांतता, एवढंच भांडवल. गळा असा कमवावा लागायचा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द कळला पाहिजे. बालगंधर्वांच्या पिढीचं नाट्यसंगीतही असंच घडलं. मायक्रोफोनच्या आधीचा गवई आवाज फेकायला शिकायचा. मायक्रोफोन आल्यावर हळू, कुजबुजत गाता येऊ लागलं. म्हणजे यंत्राने आवाज नुसता मोठा केला नाही, गाण्याची रीतही बदलली.

ध्वनिमुद्रणाचंही तेच. भारतातलं सुरुवातीचं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झालं. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ आला होता आणि गौहर जान यांचं गाणं त्याने मुद्रित केलं. त्या वेळी ना मुद्रण करताना वीज लागत होती, ना ऐकताना. गायकाने कर्ण्यात ओरडून गायचं, त्या कंपनाने सुई तबकडीवर रेघ ओढायची. घरी ग्रामोफोनला चावी द्यायची आणि कर्ण्यातून ऐकायचं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण सुरू झालं आणि मगच मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर ही मंडळी या व्यवहारात शिरली.

बल्बचा काळ

ॲम्प्लिफायर म्हणजे नेमकं काय? एक छोटा, नाजूक विद्युत संदेश घ्यायचा आणि त्याच्या आज्ञेनुसार मोठी वीज वळवायची. कालव्याच्या दारासारखं आहे हे. दार फिरवायला एका माणसाचा हात पुरतो, पण त्यातून वाहणारं पाणी शेकडो एकर भिजवतं. पाणी हाताने निर्माण केलेलं नसतं, हाताने फक्त वळवलेलं असतं. ही उपमा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. कारण मागे धरणातच पाणी नसेल, तर दार कितीही मोठं असून काय करायचं!

हे दार पहिल्यांदा सापडलं ते ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाच्या तीन टोकांच्या निर्वात नळीत, १९०६ साली. आपल्याकडे तिला व्हॉल्व्ह म्हणत. जुनी माणसं सरळ 'रेडिओचा बल्ब' म्हणायची. नळी आवाज वाढवत होती, पण बिघडवतही होती. त्यावरचा इलाज हॅरॉल्ड ब्लॅक या टेलिफोन कंपनीतल्या अभियंत्याला १९२७ साली सुचला. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवायचा, म्हणजे चूक स्वतःच स्वतःला कापते. आम्हाला ही कल्पना नेहमीच फार तात्त्विक वाटत आली आहे. स्वतःची चूक मोजत राहणारं यंत्र! आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये ही युक्ती आहे.

पुढे १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. सुमारे १५ वॅटचा. तेव्हाच्या मानाने त्यातली विकृती इतकी कमी होती, की जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. घरात उत्तम ऐकण्यासाठी १५ वॅट पुष्कळ झाले, असं त्या पिढीतल्या जाणकारांचं मत होतं. हा आकडा मनात टिपून ठेवा.

त्याच सुमारास आपल्याकडे काय होतं? आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. रेडिओ ही चैनीची वस्तू होती, त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभरात ५६ गीतं. पुढे १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली. एका पिढीच्या कानांवर संस्कार करणारं हे सगळं संगीत लोकांनी ऐकलं ते कशावर? टेबलावरच्या व्हॉल्व्ह रेडिओवर. त्याच्या ॲम्प्लिफायरची ताकद असायची फार तर तीन-चार वॅट. तेवढ्यात घर भरायचं, ओसरीवर बसलेले शेजारीही ऐकायचे. आवाज कमी पडतो अशी तक्रार आम्ही कोणाच्याच तोंडून ऐकलेली नाही.

भोंगा आणि वॅट

मग वॅटचं वेड आलं कुठून? आमच्या मते ते घरातून आलं नाही, सभेतून आलं.

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांनी यंत्राने वाढवलेला आवाज पहिल्यांदा ऐकला तो बहुधा लग्नाच्या मांडवात, तंबूतल्या सिनेमाच्या बाहेर, नाहीतर निवडणुकीच्या प्रचारात. आपल्या भंडाऱ्याला तर निवडणुकांचा मोठा इतिहास आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत इथून स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. पन्नास-साठच्या दशकांत जाहीर सभा आणि भोंगा यांची जोडी पक्की झाली. झाडावर किंवा बांबूवर बांधलेला तो ॲल्युमिनियमचा कर्णा, खाली बॅटरी आणि 'मशीन'. ॲम्प्लिफायरला गावात मशीनच म्हणत.

या मशीनची परीक्षा एकच होती, आवाज किती लांब जातो. वेशीपर्यंत, की शेजारच्या गावापर्यंत? आवाजात गोडवा आहे का, तंबोऱ्याची जवार ऐकू येते का, हे तिथे कोणी विचारत नव्हतं आणि विचारण्याचं कारणही नव्हतं. सभेला ते माप योग्यच होतं. माणसं उघड्यावर बसलेली, अंतर मोठं, आवाज पोचलाच पाहिजे.

गडबड झाली ती पुढे. १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो स्वस्त झाला आणि ॲम्प्लिफायर घराघरांत शिरला. २एन३०५५ नावाचा तो डब्यासारखा धातूचा ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ज्याने पाहिला नाही, असा त्या काळातला हौशी माणूस विरळा. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक या भारतीय कंपन्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरगुती स्टिरिओ बनवले. आयातीवर निर्बंध होते, जकात जबरदस्त होती, परदेशी यंत्र आणायचं तर आखातातून येणारा नातेवाईक लागायचा. अशा काळात या देशी यंत्रांनी मध्यमवर्गाला चांगलं ऐकण्याची सवय लावली, हे त्यांचं श्रेय मानलं पाहिजे.

पण यंत्र घरात आलं तेव्हा सभेचं मापही त्याच्यासोबत घरात आलं. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं! आणि बाजाराने ते माप उचलून धरलं. अमेरिकेत तर साठच्या दशकात जाहिरातींतले वॅट इतके फुगले, की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. वॅटचा आकडा छापायचा तर तो सलग चालवून मोजलेला हवा, किती ओहमवर, कोणत्या कंप्रतेपासून कोणत्या कंप्रतेपर्यंत आणि किती विकृतीसह, हे सांगितलंच पाहिजे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' ही अक्षरं आली. पाचशे वॅट, हजार वॅट, दोन हजार वॅट! ही पीएमपीओ मोजायची कशी याचा कोणताही सर्वमान्य नियम नव्हता. जो तो आपला आकडा छापायचा.

चार प्रमाणं

इथे आमच्या विषयाची थोडी मदत घेऊ. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : शब्द, अनुमान, उपमान आणि प्रत्यक्ष. ॲम्प्लिफायर घेताना ही चारही वापरता येतात, आणि प्रत्येकाला आपापली मर्यादा आहे.

पहिलं शब्द. न्यायमताप्रमाणे आप्ताचं वाक्य प्रमाण. आप्त म्हणजे ज्याला विषय माहीत आहे आणि जो खरं सांगू इच्छितो. खोक्यावरची अक्षरं या कसोटीला उतरतात का? आकड्यापुढे आरएमएस किंवा 'सलग शक्ती' लिहिलं असेल, ८ ओहम लिहिलं असेल, दोन्ही बाजू एकदम चालवून मोजल्याचं लिहिलं असेल आणि विकृतीची टक्केवारी दिली असेल, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसताच आकडा असेल तर ते आप्तवाक्य नव्हे, ती आरोळी.

दुसरं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे, हे आपलं नेहमीचं उदाहरण. तसंच इथे यंत्राच्या पाठीमागे बघा. तिथे एक पट्टी असते, त्यावर यंत्र भिंतीतून किती वीज घेतं ते लिहिलेलं असतं. समोर हजार वॅट आणि मागे २५ वॅट असेल, तर काय समजायचं? धरणात आहे त्याहून जास्त पाणी कालव्यात कुठून येणार? सलगपणे, घेतलेल्या विजेपेक्षा जास्त शक्ती बाहेर येऊच शकत नाही. ही एक पट्टी वाचायची सवय लागली तरी निम्मी फसवणूक टळते.

अनुमानाचाच दुसरा भाग म्हणजे साधं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. स्पीकरच्या माहितीत संवेदनशीलता दिलेली असते. समजा ती ८७ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. आपण बसतो आठ-नऊ फुटांवर. भिंतींची मदत धरून साधारण सहा डेसिबल कमी करू, स्पीकर दोन म्हणून तीन मिळवू. झाले ८४. म्हणजे फक्त एका वॅटमध्ये खुर्चीपाशी ८४ डेसिबल. समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास असतं. घरी गाणं ऐकताना सरासरी ७४ डेसिबल ठेवली तर ॲम्प्लिफायर किती वॅट देत असतो? एक दशांश वॅट! तबल्याची थाप, खंजिरीचा तडाखा असे क्षणिक उसळणारे आवाज सरासरीहून वीस डेसिबल वर गेले असं धरलं, तरी लागतात दहा वॅट. तेव्हा खरेखुरे तीस-चाळीस वॅट असलेलं यंत्र आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीला भरपूर आहे. विल्यमसनचे १५ वॅट आठवले ना?

आणि चाळीसच्या जागी साठ वॅटचा घेतला तर? वाढ होते दोन डेसिबलपेक्षाही कमी. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. आपली इंद्रियं बेरजेने नव्हे, पटीने मोजतात, हे गुस्टाव्ह फेख्नर या जर्मन विचारवंताने १८६० मध्येच मांडलं होतं. तो भौतिकशास्त्रज्ञ होता आणि मनाच्या तत्त्वज्ञानाचाही अभ्यासक होता. दुकानात त्याचं नाव कोणी घेत नाही, पण तिथला प्रत्येक आकडा त्याच्या नियमाखाली येतो.

तिसरं उपमान, म्हणजे 'हा त्यासारखा'. इथे एक ऐतिहासिक उदाहरण देतो. १९७८ साली एनएडी या कंपनीने ३०२० नावाचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणला. इंटिग्रेटेड म्हणजे काय? ज्यात निवड आणि आवाज कमी-जास्त करण्याचा भाग आणि ताकद देणारा भाग, दोन्ही एकाच पेटीत. काही शौकीन लोक दोन वेगळ्या पेट्या घेत. एकाच पेटीत बसवलं की धातू, वायर, वीजपुरवठा सगळंच वाचतं. एरिक एडवर्डसन या अभियंत्याने हा ३०२० रचला. दिसायला साधा, करडा, दर बाजूला फक्त २० वॅट. पण क्षणभर उसळणाऱ्या आवाजासाठी त्यात राखीव ताकद होती, कठीण स्पीकरही तो सांभाळायचा, आणि ताकद संपत आली की आवाज कर्कश न होता मऊपणे आवरायचा. तो लाखोंच्या संख्येने विकला गेला. स्वस्त आणि उत्तम या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्याने सिद्ध केलं. पुढे २०१३ मध्ये त्याच कंपनीने डी ३०२० हे नाव देऊन वेगळ्या तंत्राचा, डी वर्गाचा छोटा ॲम्प्लिफायर काढला. उपमानाची मर्यादा इथे दिसते. नाव तेच, आतली वस्तू पूर्ण वेगळी. 'तसाच आहे' असं कोणी म्हटलं, की कोणत्या बाबतीत तसाच, ते विचारायचं.

चौथं प्रत्यक्ष. शेवटी कान! पण न्यायदर्शन प्रत्यक्षालाही अट घालतं, ते अव्यभिचारी हवं, भ्रमातून आलेलं नको. दोरी साप वाटू शकते. ऐकण्यात भ्रम दोन प्रकारे होतो. एक, जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला अधिक चांगला वाटतो. फरक इतका बारीक असतो, की तो मोठा वाटत नाही, नुसताच सरस वाटतो. दुसरं, किंमत माहीत असली की महागडा गोड लागतो. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने १९८७ साली एक चाचणी छापली होती. स्वस्त आणि फार महाग ॲम्प्लिफायर, आवाजाची पातळी सारखी केलेली, आणि कोणता वाजतोय ते ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. यावर वाद अजून चालू आहे, चालू दे. आम्ही त्यातून एवढंच घेतो, की नीट बनवलेल्या आणि ताकदीच्या बाहेर न चालवलेल्या दोन यंत्रांतला फरक फार बारीक असतो. स्पीकर-स्पीकरमधला फरक मात्र शेजारच्या खोलीतूनही कळतो.

एका गुरुजींची गोष्ट

आता हे सगळं व्यवहारात कसं उतरतं ते पाहू. आमच्या परिचयातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांचे मोठे भाऊ दंडारीत गायचे, आता ते नाहीत. त्यांच्या आवाजाच्या अकरा कॅसेट घरी आहेत. मंडईच्या रात्री साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या. गुरुजींना त्या नातवंडांना ऐकवायच्या होत्या. वाजवल्या, तर आवाज घोगरा, शब्द कळेनात. कोणीतरी सल्ला दिला, मशीन जुनं झालं, दीडशे वॅटचं घ्या. गुरुजींनी पंचवीस हजार बाजूला काढले आणि आम्हाला विचारायला आले.

आम्ही आमच्या ओळखीच्या एका रेडिओ मेकॅनिकला सोबत घेऊन गेलो. त्याने आधी कॅसेट डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. कापूस तपकिरी झाला. मग त्याने हेडचा कोन जुळवला. स्पीकरची जाळी काढली, तर पडद्याभोवतीची फोमची कड भुगा होऊन पडलेली. ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत होती, त्यात साफ करण्याचा स्प्रे मारला, खरखर गेली. स्पीकरच्या कडा नव्या बसवल्या. सगळा खर्च अडीच हजारांच्या आत. मग कॅसेट लावली. शब्द कळायला लागले. मधेच ढोलकी थांबते आणि मागून कोणीतरी "पाणी दे रे बापू" म्हणतं, तेही ऐकू आलं. गुरुजी म्हणाले, तो आवाज त्यांच्या वडिलांचा.

उरलेल्या पैशांचं काय करावं? आम्ही म्हटलं, गुरुजी, आधी या अकरा कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, दोन-तीन ठिकाणी ठेवा. टेपवरचा लेप दरवर्षी थोडा झिजतोय. ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल, हा आवाज मिळणार नाही.

ही गोष्ट अशासाठी सांगितली, की आपल्या जिल्ह्यात अशा कॅसेट पुष्कळ घरांत आहेत. दंडारीच्या, भजनी मंडळांच्या, कीर्तनांच्या, आजीच्या ओव्यांच्या. झाडीपट्टीचा तो ध्वनी ग्रंथालयांत फारसा नाही, तो आहे बुटांच्या खोक्यांत. ॲम्प्लिफायरची खरेदी म्हणजे शेवटी काय ऐकायचं आणि काय जपायचं याचा निर्णय.

मग घ्यायचा कधी आणि कसा

तरीही नवा घ्यावा लागतोच, आणि घ्यावा. एक बाजू बंद पडते आणि भाग मिळत नाहीत, गूं-गूं असा घरघराट दुरुस्तीनंतरही जात नाही, किंवा गरजेची जोडणीच नाही, ही खरी कारणं. अशा वेळी काय बघायचं?

रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर 'फोनो' लिहिलेली जोडणी हवी. रेकॉर्डच्या सुईतून येणारा संदेश सुमारे पाच मिलिव्होल्टचा असतो, सीडीचा दोन व्होल्टचा. चारशेपट फरक! शिवाय रेकॉर्डवर खर्जाचे स्वर दाबून आणि तार स्वर उचलून कोरलेले असतात, ते परत सरळ करावे लागतात. तो जगभरचा प्रघात १९५४ पासूनचा. ही सोय नसेल तर वेगळी डबी घ्यावी लागते. टीव्ही किंवा मोबाइल जोडायचा असेल तर तशा जोडण्या बघा. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ॲम्प्लिफायरला ४ ओहम चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुपारी घरातली माणसं झोपलेली असताना ऐकायचं असेल तर हेडफोनची जागा हवी. टोन कमी-जास्त करण्याची बटणं असावीत असं आमचं मत आहे. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण सत्तरी ओलांडलेल्या कानांना वरचे स्वर कमी ऐकू येतात. तिथे ट्रेबलचं बटण थोडं फिरवणं हा गुन्हा नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याची हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. एबी वर्गाचा जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णता म्हणून बाहेर टाकतो. आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात, दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून यंत्र बंद कपाटात, त्यावर विणलेला रुमाल आणि वर फुलदाणी, असं ठेवू नका. वर हातभर जागा सोडा. डी वर्गाची यंत्रं नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात, कमी तापतात. चांगल्या कंपनीचं असेल तर आपल्या उन्हाळ्याला ते सोयीचं. मात्र बाजारात नुसत्या चिपच्या, नाव-गाव नसलेल्या डब्याही तेच अक्षर लावून फिरतात. तिथे पुन्हा मागची पट्टी आणि सोबतच्या अडॉप्टरवरचा आकडा वाचा. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर घरघरतो, त्याचा दोष यंत्राला देऊ नका.

जुना घेताना घरून आपल्या पाठ असलेल्या गाण्याची सीडी किंवा मोबाइल घेऊन जा. अर्धा तास चालू ठेवा. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का? प्रत्येक बटण फिरवून बघा. गाणं बंद करून आवाज वाढवा, स्पीकरमधून काय येतं ते ऐका. जळका वास येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तो दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावापासून किती लांब आहे? नागपूरपर्यंत जावं लागणार असेल तर तो खर्चही किमतीत धरा.

दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी सारखी करून घ्या, आणि घरातल्या कोणालातरी बटण दाबायला सांगून स्वतः पाठ फिरवून ऐका. फरक कळला नाही तर त्यात कमीपणा काहीच नाही. तुमचे पैसे वाचले.

पैशांचा क्रम आम्ही असा लावतो. आधी साफसफाई आणि दुरुस्ती. मग स्पीकरची जागा, म्हणजे ते कोपऱ्यातून बाहेर काढून कानाच्या उंचीवर आणणं, त्याला पैसे लागत नाहीत. मग स्पीकर. आणि मग ॲम्प्लिफायर.

शेवटचा मुद्दा. २००० साली आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. आज वरातीतला डीजे काय करतो ते सांगायला नको, छातीचा पिंजरा हलतो. ज्या मुलांचे कान आज बधिर होत आहेत, त्यांना उद्या खंजिरीतली झांज ऐकू येणार नाही, आणि कोणताही ॲम्प्लिफायर ती परत आणू शकणार नाही. सभेचं माप सभेपुरतं ठीक होतं. ते आपण घरात आणलं, मग रस्त्यावर आणलं, आणि आता त्याला मोजपट्टीच उरलेली नाही. म्हणून घरात एक तरी यंत्र असं असावं, ज्यावर मुलं हळू आवाजात, लक्ष देऊन ऐकायला शिकतील. तीस वॅट त्यासाठी पुष्कळ आहेत.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की "किती वॅटचा आहे?" हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा ठेवा. पहिला प्रश्न घरी, स्वतःला विचारून जा : आम्हाला काय ऐकायचं आहे?

इथे थांबतो. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील, त्यांनी या आठवड्यात त्या एकदा काढून बघाव्यात, एवढी विनंती.